वैऱ्याची सोबत

ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबऱ्या ज्यांनी लहानपणी अधाशासारख्या वाचल्या आहेत, त्यांना एक प्रसंग तोंडपाठ असतो. दोन हाडवैरी असतात. पहिल्या प्रकरणात त्यांच्या तलवारी भिडतात. पण निकाल लागण्याआधीच काही तरी आडवे येते. नदीला पूर येतो, किंवा तिसराच कोणी दोघांच्याही पाठीस लागतो, आणि त्या दोघांना एका वाटेने जाणे भाग पडते. वाट संपते तेव्हा ते जिवाभावाचे मित्र झालेले असतात. एकाची बहीण दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालते आणि पुस्तक मिटते. वाचक सुखावतो. मीही आजवर सुखावतच आले. पण गेली दोन वर्षे हा प्रसंग मला स्वस्थता देईनासा झाला आहे. कारण तो आता मला स्वतःला लिहायचा आहे. आणि लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न पुढे येतो तो हा, की वैर गेले कुठे? जे दोघे एकमेकांचा जीव घ्यायला उठले होते, त्यांच्यापाशी त्याचे काही कारण असेलच ना? ते कारण वाटेत कुठल्या झाडाखाली राहिले?

माझी गोष्ट कल्याणची आहे. मी राहते डोंबिवलीत आणि शिकवते कल्याणात. खाडीकाठचा दुर्गाडी रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा दृष्टीस पडतो. ऑक्टोबर 1657 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, शिवाजीराजांच्या माणसांनी विजापूरकरांकडून कल्याण आणि भिवंडी घेतली. त्या विजयाला चिकटलेली सुभेदाराच्या सुनेची गोष्ट मराठी मुलांना मुळाक्षरांइतकीच लवकर कळते: देखणी तरुणी दरबारात आणली गेली, राजांनी तिला आईच्या ठायी मानले, साडीचोळी देऊन मानाने परत पाठवले. समकालीन साधनांत या गोष्टीला आधार सापडत नाही, असे इतिहासकार सांगतात. आणि ते खरे आहे. तरीही साडेतीनशे वर्षे जी गोष्ट लोकांना खरी वाटावीशी वाटली, तिच्यातले एक वाक्य मला नेहमी अडवीत आले. ‘मानाने परत पाठवले.’ म्हणजे कसे? कल्याणहून विजापूर काही शेजारच्या आळीत नाही. बोरघाट चढायचा, पुण्यावरून पुढे जायचे, भीमा ओलांडायची. मेण्याबरोबर कोणी तरी गेले असेल. राजांचा एखादा विश्वासू स्वार. आणि मेण्यातल्या बाईला ज्याच्यावाचून धीर आला नसता असा, तिच्याच घरचा, कैदेतून सोडलेला एक शिपाई. आठ दिवसांपूर्वी हे दोघे कल्याणच्या तटावर समोरासमोर होते. आता एकाच मेण्याच्या दोन बाजूंनी चालले आहेत. माझी कादंबरी ती एवढीच.

इतिहासात जे घडले नाही ते कादंबरीत घडवण्याचा अधिकार लेखकाला आहे की नाही, हा वाद ‘मोचनगड’ 1871 मध्ये आली तेव्हापासून चालू आहे. मी त्यात पडत नाही. पण एक अधिकार लेखकाला नाही असे मला वाटते. जे वैर मिटण्याजोगे नव्हते, ते केवळ वाचकाला झोप बरी लागावी म्हणून मिटवण्याचा.

परदेशी कादंबरीकारांनी हा प्रसंग कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन, नाही तर रूपांतरांतून वाचली. ड्यूमाच्या ‘थ्री मस्केटिअर्स’मध्ये (1844) दार्तान्यां पॅरिसला येतो आणि एकाच दिवशी तिघांशी द्वंद्व ठरवून बसतो. द्वंद्व सुरू होणार तोच कार्डिनलचे शिपाई येतात, आणि चौघे मिळून त्यांच्यावर तुटून पडतात. झाले, मैत्री जमली. खुमासदार आहे, यात वाद नाही. परंतु तिथे वैर होते कुठे? धक्का लागला, रुमाल उचलला, असल्या कुरापती त्या. त्या मिटायला एक बाहेरचा शत्रू पुरला.

स्कॉटची गोष्ट वेगळी. त्याच्या ‘टॅलिस्मन’मध्ये (1825) ख्रिस्ती सरदार केनेथ आणि एक सारासेन स्वार वाळवंटात झुंजतात, दमतात, तह करतात आणि एकाच झऱ्याकाठी आपापली शिदोरी सोडतात. पुढे ते बरोबर प्रवासही करतात. तो स्वार म्हणजे खुद्द सलादिन, हे आपल्याला मागाहून कळते. या दोघांपैकी कोणीही आपला धर्म किंवा आपली बाजू सोडीत नाही.

आणि मला सर्वांत भावते ते स्टीव्हन्सनचे ‘किडनॅप्ड’ (1886). डेव्हिड बाल्फर राजाच्या पक्षाचा, ॲलन ब्रेक पदच्युत राजघराण्यासाठी लढणारा. स्कॉटलंडच्या डोंगरांतून दोघे जीव मुठीत धरून पळत असतात. साधारण लेखकाने या संकटात त्यांची मने जुळवली असती. स्टीव्हन्सन उलट करतो. ॲलन डेव्हिडचे पैसे पत्त्यांत हरतो आणि दोघांचे बोलणे तुटते. डेव्हिड आजारी, भिजलेला, तरी अबोल्यात चालतो आहे. शेवटी तो ॲलनला असे काही बोलतो की ॲलन तलवार उपसतो. आणि मग ती टाकून देतो. त्याच्याने वार होत नाही. लगेच डेव्हिडचे पाय गळतात. त्याचा सारा आधार आता ॲलनच. पुस्तक संपते तेव्हा दोघांची राजकीय मते होती तिथेच आहेत. मते बदलली नाहीत, हात मात्र उठला नाही. या दोन गोष्टींमध्ये जी जागा आहे तिथे मला माझी कादंबरी उभी करायची आहे, आणि ती जागा फार अरुंद आहे.

ती अरुंद असली तरी काल्पनिक नाही, हे मी घरातूनच जाणते.

कल्याणात आमचा वाडा होता. वडील आणि काका यांचे त्याच्या वाटणीवरून भांडण कोर्टात गेले. खालच्या कोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा काकांनी ठाण्याला जिल्हा न्यायालयात अपील केले. मग तारखा सुरू झाल्या. तारखेच्या दिवशी दोघे भाऊ एकाच गाडीने ठाण्याला जात. दोघांना एकच गाडी सोयीची होती हे खरे. पण डबाही एकच, आणि बाकही. वडिलांना खिडकी लागे, काका भाजलेल्या शेंगांची पुडी काढीत. पाऊस, कांद्याचे भाव, कोणाच्या मुलीचे कुठे जमले, असे सर्व विषय होत. वाड्याचा तेवढा होत नसे. ठाण्याला उतरून दोघे चालत कोर्टनाक्यापर्यंत जात आणि तिथून एक आपल्या वकिलाकडे, दुसरा आपल्या.

वडील अपील चालू असतानाच गेले. कागदोपत्री आता काकांच्या विरुद्ध माझी आई उभी राहिली. आई तोवर एकटी कधी ठाण्याला गेलेली नव्हती. पहिल्या तारखेला सकाळी काकांनी अंगणातून हाक मारली, “वहिनी, निघायचं ना?” त्यांच्या पिशवीत आमचे स्वयंपाकघर मागणारे कागद होते. त्यांनी आईचे तिकीट काढले, गर्दीत तिला पुढे घातले, कोर्टाच्या पायऱ्या दाखवल्या, वकिलाच्या हवाली केले, आणि मग ते समोरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. निकाल काकांसारखा लागला. स्वयंपाकघर गेले. त्या दिवशीही दोघे एकाच गाडीने परत आले.

माझा भाऊ याला आजही ढोंग म्हणतो. ज्याला आपल्या चुलीवर हक्क सांगायचा आहे त्याने शेंगा वाटू नयेत, असे त्याचे म्हणणे, आणि ते सहज उडवून लावण्यासारखे नाही. आईला विचारले तर ती म्हणे, “भांडण वाड्याचं होतं. त्यात त्या गाडीनं काय केलं होतं?” मला आईचे पटते. पण ते का पटते हे सांगायला मला महाभारतापर्यंत मागे जावे लागते.

एकाच रथात बसलेले दोन वैरी म्हटले की कर्ण आणि शल्य आठवतात. शल्य नकुल-सहदेवांचा मामा. दुर्योधनाने त्याला पाहुणचाराने आपल्या बाजूस ओढले, आणि युद्धाच्या सतराव्या दिवशी तो कर्णाचा सारथी झाला. पण कर्णाचे तेज कमी करीन असे वचन त्याने आधीच युधिष्ठिराला देऊन ठेवले होते. रथ तो नीट हाकतो, घोड्यांची विद्या त्याच्याइतकी कोणाला नाही. आणि प्रत्येक वळणावर कर्णाला तो एक टोमणा मारतो. इथे सोबत हेच हत्यार झाले आहे. शल्याचे वैर पांडवांच्या छावणीत उघड होते, रथात मात्र ते सारथ्याच्या कर्तव्यामागे दडलेले होते. काकांनी आईला कधी चुकीची वाट दाखवली नाही. जे घेतले ते न्यायाधीशासमोर, बोलून, मागून घेतले. शल्य आणि काका यांच्यातला हा फरक मला फार मोठा वाटतो. भावाला तो स्वयंपाकघराएवढा मोठा वाटत नाही. असो.

आता आपल्याच इतिहासाकडे वळते, कारण शाळेत मला त्याचे उत्तर द्यावे लागते. चौथीच्या वर्गाला मी शिवछत्रपतींचा इतिहास शिकवते. पुरंदरचा वेढा चालला होता. 1665 सालची गोष्ट: दिलेरखानाने मुरारबाजीचे शौर्य पाहून त्याला कौल देऊ केला, मुरारबाजीने तो धुडकावला आणि लढता लढता तो पडला. मी सांगून गेले होते की हाच मुरारबाजी आधी जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होता आणि 1656 मध्ये जावळी पडल्यावर राजांकडे आला. एक मुलगी उभी राहिली. “बाई, तो आधी एकदा बाजू बदलून आला होता ना? मग तेव्हा तो फितूर नव्हता का? आणि तेव्हा बदलली ती चांगली, तर आता का नाही बदलली?”

घंटा झाली नसती तरी मला थोडा वेळ लागलाच असता. आपली बाजू ती चांगली म्हणून तिकडे येणारा वीर आणि तिकडून जाणारा फितूर, हे उत्तर सोपे आहे. पुष्कळ मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या त्याच उत्तरावर उभ्या आहेत. त्यांत शूर शत्रूला दोनच वाटा असतात: मरणे, नाही तर भगव्याखाली येणे. पण चौथीतल्या मुलीलासुद्धा ते पुरले नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले ते असे. मुरारबाजी मोऱ्यांकडून आला तेव्हा मोऱ्यांचे राज्य बुडाले होते. ज्यांना त्याने शब्द दिला होता त्यांच्यासाठी राखायला तट उरला नव्हता. पुरंदरावर तसे नव्हते. त्याच्यामागे तटावर माणसे होती, त्याच्या भरवशावर. तो दिलेरखानाकडे गेला असता तर त्याच माणसांवर चालून जावे लागले असते. बाजू बदलणाऱ्याला विचारायचे ते हे, की तू निघालास तेव्हा मागे कोण उभे होते? मुलीने मान हलवली. तिला पटले की मला खूश करण्यासाठी हलवली, सांगता येत नाही. मुलींचे तसे असते.

बाजीप्रभूंचेही काहीसे असेच. ते हिरडस मावळातल्या बांदलांचे देशपांडे, आणि बांदल पहिल्याने राजांचे विरोधकच. पुढे तेच बांदल जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघालेल्या राजांबरोबर भर पावसात विशाळगडाच्या वाटेला लागले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंसह कित्येक तिथेच राहिले. या रात्रीचा एक भाग आपण मुलांना घाईने सांगून टाकतो. राजे खिंडीतून निसटले ते मोकळ्या गडावर पोहोचले नाहीत. विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी मोर्चे लावून बसले होते. तेही मराठे, विजापूरकरांच्या बाजूचे. त्यांच्यातून लढत वर जावे लागले. म्हणजे त्या रात्री कालचे विरोधक राजांसाठी खिंडीत मरत होते, आणि ज्यांची भाषा व कुलदैवतेही बहुधा आपल्यासारखीच, असे लोक पुढे वाट अडवून होते. यातले कोण वैरी आणि कोण सोबती, हे जातीवरून, भाषेवरून किंवा पूर्वीच्या वागण्यावरून कोणी सांगू म्हणेल तर त्याला सांगता यायचे नाही. म्हणून माझ्या कादंबरीतला विजापूरचा शिपाई मी मराठाच केला आहे. शत्रू दिसायला आणि बोलायला वेगळा असला की वाचकाचे काम फार हलके होते.

या खिंडीच्या पाठीमागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला खिंडीइतकीच मोलाची वाटते. जेधे आणि बांदल यांचे जुने वैर. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. घोडखिंडीनंतर राजांनी तो बांदलांना द्यायचे ठरवले आणि जेध्यांनी तो सोडला, असे सांगतात. वैऱ्यासाठी जीव देणे लोकांना समजते, त्याचे पोवाडे होतात. परंतु वैऱ्यासाठी आपली जागा सोडून एक पाऊल मागे बसणे, तेही भर दरबारात आणि पुढे दरवर्षी? हे जेध्यांना कसे साधले असेल याचा मी पुष्कळ विचार करते.

सगळ्याच सोबती अशा फळत नाहीत, हे सांगायला पुन्हा कल्याणलाच यावे लागते. कल्याण हाती आल्यावर राजांनी इथल्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. 1659 च्या सुमारास त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालचे बरेच लोक होते. वसईला पोर्तुगीजांचे ठाणे. आज ना उद्या ही जहाजे आपल्यावरच येणार हे त्यांना दिसत होते. वसईच्या कप्तानाने या कारागिरांना निरोप धाडला आणि ती सारी मंडळी काम टाकून निघून गेली. त्यांना मी बेइमान म्हणणार नाही. त्यांच्या मागे वसई उभी होती. आणि खाडीच्या काठावर आपले सुतार-लोहार त्यांच्याबरोबर काही महिने राबले, त्यांच्याकडून काही शिकले असतील, एखाद्याने एखाद्याचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसून काढलेही असेल. ते सगळे एका निरोपाने पुसले गेले काय? आरमार तर त्यानंतरही उभे राहिले.

आमच्या गाडीतल्या बायकांच्या डब्याचा दाखला इथे दिला तर विद्वान हसतील, पण देतेच. डोंबिवलीला गाडीत शिरताना बाईला बाई ओळखत नाही. कोपर, पर्स, छत्री, जे हाती असेल ते चालते. जागा मिळावी म्हणून उलट कल्याणला जाऊन बसून येणाऱ्या आणि मधे चढणाऱ्या यांचे तर पिढीजात वैर. आणि त्याच बायका मुंब्रा येईतो मांडीवर भाजी निवडतात, चौथ्या जागेसाठी सरकून घेतात, दसऱ्याला डबा सजवून एकमेकींना हळदीकुंकू लावतात. उद्या सकाळी पुन्हा कोपर आहेच. कोपर खोटे की कुंकू खोटे? मला दोन्ही खरी दिसतात. कुंकू लावले म्हणून जागा वाढत नाहीत, आणि जागा कमी आहेत म्हणून कुंकू लावू नये असेही नाही.

हे म्हणताना भावाचा चेहरा समोर येतो. तो म्हणेल, तुझ्या या सोबतीने न्याय तर काही झाला नाही. खरे आहे. सोबत न्याय करीत नाही. आईच्या चुलीच्या जागी भिंत आली ती आलीच, आणि काकांच्या शेंगांनी तिची एक वीटही हलली नाही. वैराचे कारण खरे असेल तर ते वाटेत विरघळत नाही. ते मेण्याबरोबर चालत राहते. एवढेच होते, की आता त्या कारणाविषयी खोटे बोलणे कठीण जाते. शेजारी चालणाऱ्याची टाच फुटलेली आपण पाहिलेली असते. तो राक्षस आहे असे घरी जाऊन सांगता येत नाही. तो चुकीच्या बाजूला आहे, एवढे मात्र सांगता येते. आणि उद्या त्याच्यावर तलवार धरावी लागली तर ती कोणावर धरतो आहोत हे माहीत असते. हे बरे की वाईट? लढणाऱ्याच्या दृष्टीने वाईटच असेल. शिपायाने वैऱ्याचे नाव विचारू नये, असे जुने सेनापती म्हणत असतील तर त्यांचे त्यांना ठाऊक.

माझ्या एका मैत्रिणीने हस्तलिखित वाचले. तिचे म्हणणे, शेवटी त्या शिपायाने स्वराज्यात यावे. वाचकांना तेच हवे असते, आणि एवढ्या वाटेनंतर तो आला नाही तर वाट फुकट गेली. प्रेमकथेचा धागाही तिला तोकडा वाटला. स्वाराची बहीण पुण्याला आहे, तिच्या दारात हा शिपाई दोन दिवस तापाने पडून राहतो, त्यातून काही फुलवता येईल, असे ती सुचवते. फुलवले आहे थोडे. पण तो यायचा नाही. त्याला मेणा विजापूरला पोचवायचा आहे. बाईने त्याच्या भरवशावर पाऊल बाहेर टाकले आहे. पुण्याच्या दारात त्याने मन मोडले तर मेण्याबरोबर पुढे कोण चालणार?

तेव्हा शेवटचे प्रकरण असे झाले आहे. कार्तिकातली भीमा, पाणी कमरेइतके. पैलतीरापासून विजापूरचा अंमल. भोयांनी मेणा डोक्यावर घेतला आहे. स्वाराला हुकूम आहे तो इतकाच, की पैलतीरावर शिपायाचे हत्यार त्याला परत करायचे. कल्याणला काढून घेतलेली ती तलवार इतके दिवस स्वाराच्या खोगिराला बांधलेली आहे, आणि हे हत्यार पुढे कोणावर चालणार हे दोघांनाही कळते. अजून तीन वर्षांनी विशाळगडाचा पायथा आहे; तिथल्या मोर्च्यात हा शिपाई असेल की नाही, ते मी लिहिलेले नाही. नदी उतरताना तलवार म्यानासकट भिजली. पैलतीरावर स्वार ती सोडतो, म्यानातून बाहेर काढतो. शिपाई एक पाऊल मागे सरतो. स्वार खाली बसतो आणि गंज धरू नये म्हणून आपल्या शेल्याने पाते मुठीपासून टोकापर्यंत कोरडे करू लागतो.